लाइट, टोकन आणि 'आय अ‍ॅम कमिंग' : लागोसच्या वाचकांची पत्रं

मागच्या अंकात मी विचारलं होतं की परदेशात राहताना तुमचं डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरतं ते कळवा. मला वाटलं होतं एकटेपणा, मुलांच्या शाळा, असलं काहीतरी येईल. आली ती निम्म्याहून जास्त पत्रं नायजेरियातून, त्यातही लागोसहून, आणि विषय एकच, लाइट नाही, पाणी नाही, कार्ड नाही, पासपोर्ट कुठेतरी अडकलाय. मी स्वतः तिथे चौदा वर्षं काढलीयत, इकेजाच्या एका कारखान्यात ॲडमिन बघायचे, म्हणजे परदेशी स्टाफच्या फायली, कंपाउंडमधल्या घरांचं डिझेल, टाकीत पाणी चढलं का नाही, सगळं माझ्याच गळ्यात. त्यामुळे हे प्रश्न वाचताना हसू पण आलं आणि अंगावर काटा पण आला. नावं छापत नाहीये, बहुतेकांनी तशी विनंतीच केलीय.

प्रश्न : ताई, आम्ही लेकी नावाच्या भागात फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा एजंट छातीठोकपणे म्हणाला, 'बँड ए' आहे, वीस तास लाइट. दर बँड ए चाच कापला जातो पण लाइट दिवसाला जेमतेम अकरा-बारा तास, आणि समोरच्या गल्लीत मात्र लख्ख उजेड. वीज कंपनीला फोन केला की तिकीट नंबर देतात आणि विसरून जातात. आम्ही फसलोय का?

उत्तर : फसला असालही, पण कोणी फसवलं ते आधी शोधा, कारण लागोसमध्ये आपण निम्मा राग चुकीच्या माणसावर काढतो.

बँड, म्हणजे दिवसाला किती तास लाइट द्यायची त्याचा वर्ग, तुमच्या घराला नसतो, फीडरला असतो. म्हणजे सबस्टेशनातून निघणारी ३३ किंवा ११ केव्हीची जी लाइन तुमच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते तिला. समोरची गल्ली दुसऱ्या फीडरवर असेल तर तिचा बँड वेगळा, दर वेगळा, नशीब वेगळं. २०२० मध्ये ही पद्धत आली, ए म्हणजे दिवसाला किमान २० तास, बी १६, सी १२, डी ८ आणि ई फक्त ४. मग एप्रिल २०२४ मध्ये बँड ए चा दर युनिटला ६८ नायराच्या आसपास होता तो एकदम २२५ वर नेला, नंतर त्यात थोडीफार घट झाली पण जुना दर काही परत आला नाही. त्यामुळे बँड ए चे पैसे भरून बँड सी ची लाइट मिळत असेल तर तुमची चिडचिड शंभर टक्के बरोबर आहे.

आता करायचं काय. मीटर नंबर देऊन कंपनीकडून फीडरचं नाव मागा, लेखी मागा. मग दारामागे एक वही टांगा, लाइट आली की वेळ, गेली की वेळ, घरातलं जो जागा असेल त्याने लिहायचं. हास्यास्पद वाटेल पण माझ्या चौदा वर्षांत या वहीइतकं उपयोगी काहीच निघालं नाही. बँड ए च्या फीडरला सलग दोन दिवस ठरलेले तास देता आले नाहीत तर कंपनीने दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत कारण जाहीर करायचं, आणि सलग सात दिवस तसंच चाललं तर फीडर खालच्या बँडमध्ये टाकायचा, असं २०२४ च्या दरवाढीच्या आदेशातच वीज नियामक आयोगाने घातलंय. 'आमच्याकडे लाइट नसते हो' या वाक्याला कोणी विचारत नाही, पण सात तारखा आणि सात दिवसांचे तास लिहिलेला कागद बाजूला सारता येत नाही. अर्ज एकट्याने करू नका, इस्टेटच्या, म्हणजे आपल्या सोसायटीसारख्या वसाहतीच्या, असोसिएशनच्या लेटरहेडवर करा, आणि कंपनीने दाद दिली नाही तर नियामकाकडे जा. फक्त एक, २०२३ च्या वीज कायद्याने राज्यांना स्वतःचा नियामक नेमायचा अधिकार दिलाय आणि लागोस राज्याने तो नेमलाय पण, त्यामुळे जुन्या स्टाफचं ऐकून थेट राजधानी अबुजाला, केंद्रीय आयोगाकडे, पत्र पाठवण्याआधी तुमची तक्रार आता कोणाकडे जाते ते विचारून घ्या.

आणि खरं सांगू का, फीडर खाली घातला तर दर कमी होईल, लाइट वाढेलच असं नाही. शिवाय ज्या दिवशी अख्खी नॅशनल ग्रिड कोसळते, २०२४ मध्ये तर ती कितीतरी वेळा कोसळली, तो दिवस तुमच्या वितरण कंपनीच्या माथी मारू नका. नोव्हेंबर २०१३ मध्ये खासगीकरण झालं तेव्हा वीज वितरण ११ कंपन्यांकडे गेलं पण मोठ्या ट्रान्समिशन लाइन सरकारकडेच राहिल्या. लोक मात्र आजही लाइट आली की 'अप नेपा' ओरडतात, नेपा नावाची जुनी सरकारी वीज संस्था २००५ मध्येच कागदोपत्री संपली तरी.

एजंटचं म्हणाल तर पुढच्या वेळी भाडं द्यायच्या आधी फीडर विचारा आणि शेजाऱ्याच्या शेवटच्या टोकनची, म्हणजे प्रीपेड मीटरमध्ये टाकायच्या रिचार्जच्या आकड्याची, पावती बघायला मागा, त्यावर दर छापलेला असतो. तो वर दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागत असेल तर २०११ च्या लागोसच्या भाडेकरू कायद्यात नवीन भाडेकरूकडून वर्षापेक्षा जास्त आगाऊ मागायला बंदी आहे, फक्त गंमत अशी की अपापा, इकेजा जीआरए, इकोयी आणि व्हिक्टोरिया आयलंड हे भाग त्यातून वगळलेत, म्हणजे आपली बरीचशी मंडळी राहतात नेमके तेच. लेकी त्यात नाहीये, तुम्ही भांडू शकता.

प्रश्न : वर्षभर बंद असलेल्या फ्लॅटमध्ये शिफ्ट झालोय. पैसे भरले, टोकन आलं, वीस आकडे नीट तीनदा टाकले, मीटर 'रिजेक्ट' म्हणतं. घरमालक म्हणतो मीटर बिघडलंय, नवीन बसवा, पैसे तुम्ही भरा.

उत्तर : थांबा, खिशात हात घालू नका. मीटर बहुतेक ठणठणीत आहे, फक्त जुन्या काळात अडकलंय.

या प्रीपेड मीटरच्या टोकनमध्ये एक घड्याळ लपलेलं असतं, १ जानेवारी १९९३ पासून किती मिनिटं झाली तो आकडा. त्या आकड्याला जागा दिलीय २४ बिटची, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ मिनिटं मोजून झाली की घड्याळ भरलं. ते भरलं २४ नोव्हेंबर २०२४ ला. जगभरातल्या अशा सगळ्या मीटरना त्याआधी नवीन 'की', म्हणजे टोकन ओळखायची डिजिटल किल्ली, द्यावी लागली, नायजेरियात पण मोठी धावपळ झाली, आणि जे फ्लॅट तेव्हा बंद होते त्यांची मीटरं तशीच राहिली. कंपनीकडे जाऊन 'की चेंज टोकन' मागा, सहसा वीस-वीस आकड्यांची दोन असतात, ती दिलेल्या क्रमाने टाकायची आणि मग तुमचं विकत घेतलेलं टोकन. आधी तुमचं टाकाल तर परत रिजेक्टच. जुनी न वापरलेली टोकनं सापडली तर नवीन कीवर ती चालणार नाहीत.

टोकन गेलं आणि युनिट मात्र पैशांच्या मानाने फारच कमी आली तर पावती बघा, आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्या मीटरवर असेल आणि प्रत्येक रिचार्जमधून कापली जात असेल. हा मात्र घरमालकाचा विषय, आणि तिथे मुळीच गोड बोलू नका.

प्रश्न : रविवारी दुपारी लाइट होती, अचानक बल्ब प्रचंड उजळले, टीव्हीतून धूर, फ्रिज बंद, राउटर बंद. स्टॅबिलायझर होता तरी! वीज कंपनीचा माणूस आला, म्हणाला 'आमची लाइन ओके'. भरपाई कोणाकडे मागायची?

उत्तर : हा प्रश्न वाचून माझा तिथला पहिला मायक्रोवेव्ह आठवला. बल्ब आधी उजळले असं तुम्ही लिहिलंयत यातच उत्तर आहे. न्यूट्रल तुटला होता.

तुमच्या इमारतीत तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो, प्रत्येक घर एका फेजवर. न्यूट्रल जागेवर असेपर्यंत प्रत्येकाला २३० व्होल्ट. तो कुठे सैल झाला, जळला, पोलवर गंजला, की सगळी घरं आपोआप दोन फेजच्या मध्ये लटकतात, तिथे ४०० व्होल्ट असतात आणि ते घराघरांत कसेही वाटले जातात, ज्याच्याकडे लोड जास्त त्याचे दिवे मंद होतात आणि ज्याच्याकडे फक्त टीव्ही आणि फ्रिज चालू त्याच्या बोडक्यावर साडेतीनशे. साधा स्टॅबिलायझर त्यापुढे काय करणार, तो बिचारा आधी मरतो. लागोसमध्ये हे जास्त का होतं, तर फेज बदलायची खोड. आपल्या फेजला लाइट नसली की गल्लीतला इलेक्ट्रिशियन फ्यूज काढून दुसऱ्या फेजवर टाकून देतो, अख्खी इमारत एकाच फेजवर बसते, न्यूट्रलमधून नको तेवढा करंट वाहतो आणि एक दिवस जोड जळतो. आपणही त्या इलेक्ट्रिशियनला पैसे दिलेले असतात, मी पण दिलेत, खोटं कशाला बोलू.

भरपाई मिळायची शक्यता आहे, पण जोड जर मीटरच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या इमारतीत जळला असेल तर कंपनी हात वर करणार आणि ते बरोबरच. म्हणून आधी स्वतंत्र इलेक्ट्रिशियनकडून जोड कुठे जळला त्याचा फोटो काढून घ्या. पोलवर असेल तर त्याच दिवशी लेखी तक्रार, त्याच दिवशी शेजाऱ्यांच्या सह्या, कारण एकाच वेळी चार घरांचं सामान जळलंय हाच खरा पुरावा.

पुढे असं होऊ नये म्हणून डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या बोर्डात, ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवा, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो अख्ख्या घराची वीजच तोडून टाकतो आणि परत जोडताना दोन-तीन मिनिटं थांबतो, फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरला ती मिनिटं लागतातच. आणि घरातल्या सगळ्यांना, मदतनीस असेल तर तिला पण, एवढं शिकवून ठेवा की काही दिवे भलतेच उजळ आणि काही मंद दिसले की विचार करत बसायचं नाही, पळत जाऊन मेन पाडायचा.

प्रश्न : बोअरहोलचं पाणी नळातून येताना स्वच्छ असतं, बादलीत तासभर ठेवलं की तपकिरी. प्यायचं तर सोडाच, पांढरे कपडे सगळे पिवळे झालेत.

उत्तर : लोह आहे. जमिनीखाली ते विरघळलेलं असतं, हवा लागली की गंजतं आणि रंग दिसतो. लेकी-अजाहच्या बाजूला तर हे घरोघरी. नुसता कार्ट्रिज फिल्टर चार दिवसांत चोंदेल, आधी पाणी शॉवरसारखं हवेतून पाडून टाकीत घ्यायचं, गंज खाली बसू द्यायचा, मग वाळूच्या फिल्टरमधून. घरमालकाच्या प्लंबरला 'एरेशन' म्हटलं की कळतं. पाणी खारट लागत असेल तर मात्र ते मीठ या फिल्टरने जाणार नाही, तो समुद्र आहे. प्यायला बाटल्याच घ्या आणि त्यावर नॅफडॅकचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याचा, नंबर आहे का बघत जा.

प्रश्न : माझं सिम अचानक बंद झालं. कारण काय तर एनआयएनवरचं (राष्ट्रीय ओळख क्रमांक) नाव आणि सिमवरचं नाव जुळत नाही. सिम नाही म्हणून ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणून बँक नाही, आणि बँकेत गेले तर बीव्हीएनवर (बँकांचा ओळख क्रमांक) तिसरंच नाव! मी एकच बाई आहे हो, तीन नाही.

उत्तर : अहो, आपण मराठी माणसं म्हणजे या सिस्टिमला पडलेलं कोडं. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव, आणि लग्नानंतर यातलं दोन तृतीयांश बदलतं. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये बसतात. एनआयएनच्या फॉर्ममध्ये आडनाव, पहिलं, मधलं अशा वेगळ्या चौकटी, समोरचा मुलगा घाईत टाइप करतो, नवऱ्याचं नाव आडनावाच्या चौकटीत जातं, आपण स्लिप न वाचता पर्समध्ये टाकतो. झालं. आमच्या कारखान्यातल्या एका गृहस्थांचं मधलं नाव आडनाव म्हणून चढलं होतं, तीन महिने पगार खात्यात जाईना, कॅश घेऊन फिरत होते बिचारे.

बीव्हीएन २०१४ पासून आहे, ते बँकांचं. एनआयएन हे राष्ट्रीय ओळखीचं. दोन्ही ११ आकडी, म्हणून लोक गोंधळ करतात, आणि डिसेंबर २०२० पासून सिमला एनआयएन जोडायची सक्ती झाल्यावर तर एक चूक दुसरीला लटकली. बँकेत भांडून उपयोग नाही, सिमच्या दुकानात तर अजिबातच नाही, ते दोघं फक्त समोरच्या स्क्रीनवर जे दिसतं ते वाचतायत. आधी एनआयएनची नोंद दुरुस्त करा, मग सिम, मग बीव्हीएन. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक दुरुस्ती परत चुकीची ठरेल.

दुरुस्तीला जाताना पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात बघा, बाणासारखी चिन्हं असलेल्या, त्यात आडनाव आधी, मग दोन बाण, मग बाकी नाव. मशिन तेच वाचतं. त्या ओळींची मोठी झेरॉक्स काढून समोर ठेवा आणि म्हणा, असंच्या असं. स्पेलिंग पण तेच, तिकडे एक्स्ट्रा 'ए' लावायचा मोह नको. लग्नाआधीच्या नावाची एखादी नोंद असेल तर कोर्टाचं ॲफिडेव्हिट मागतील, ते आधीच करून न्या म्हणजे एक फेरी वाचते. आणि नवीन स्लिप हातात आली की काउंटर सोडायच्या आधी मोठ्याने वाचा. लाजू नका, मागची रांग कुरकुरेल, कुरकुरू दे.

प्रश्न : मिस्टर म्हणतात सवय होईल. सात महिने झाले, मला होत नाहीये. रात्री दोनला लाइट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत बाळ उठतं, मग मी रडते. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : काही चुकत नाहीये. सवय होते हे खरं, पण सवय होईपर्यंत इन्व्हर्टर घ्या.

मिस्टरांना हा हिशोब दाखवा. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची एक लिथियम बॅटरी म्हणजे ४.८ युनिट. दोन पंखे, चार दिवे, राउटर आणि फ्रिज मिळून सरासरी ४०० वॉट धरले तर कागदावर बारा तास, प्रत्यक्षात नऊ-दहा. म्हणजे रात्र निघाली. एसी त्यावर लावायचा नाही, बाळाच्या खोलीत पंखा पुरतो. बदल आपोआप होतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत, कोणी उठत नाही. कंपनीचं घर असेल तर रात्रीच्या इंधनाचा खर्च काढून दाखवा, मे २०२३ मध्ये पेट्रोलवरची सबसिडी गेली तेव्हापासून ॲडमिनवाले असल्या कागदाकडे बघतात, मी त्या खुर्चीत बसलेली आहे.

तुम्ही पत्रात जनरेटर बाल्कनीत आहे असं ओझरतं लिहिलंयत. तो आजच खाली काढायला लावा. पेट्रोलच्या छोट्या जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि बंद खोलीत झोपलेला माणूस झोपेतच जातो. बाकीचं सगळं पत्र नंतर वाचा, हे आधी करा.

प्रश्न : एसटीआर व्हिसावर येऊन अडीच महिने झाले. सरपॅकसाठी (रहिवासाचं कार्ड) पासपोर्ट कंपनीच्या लायझनकडे, म्हणजे सरकारी कामं बघणाऱ्या माणसाकडे, आहे, विचारलं की 'फाइल अबुजाला गेलीय' एवढंच. मी स्वतः जाऊन थोडे पैसे देऊन काम करून घेऊ का?

उत्तर : नको. अजिबात नको. फाइल अबुजाला जाते यात खोटं काही नाही, १२ डिसेंबर १९९१ ला राजधानी तिकडे गेली आणि तेव्हापासून लागोसच्या प्रत्येक अडलेल्या कागदाचं कारण अबुजा हेच आहे, खरं असो वा नसो.

तुमचे दिवस मात्र मोजलेले आहेत. एसटीआर म्हणजे 'सब्जेक्ट टू रेग्युलरायझेशन', आल्यापासून ९० दिवसांत रहिवासाचं कार्ड, म्हणजे सरपॅक, करून घ्यायचं असतं, आणि तुमची इमिग्रेशनची जबाबदारी कंपनीने लेखी घेतलेली असते. म्हणून लायझनशी बोलणं थांबवा, तो निरोप्या आहे. एचआरला मेल करा, त्यात प्रवेशाचा शिक्का कुठल्या तारखेचा आणि ९० वा दिवस कधी हे लिहा, आणि तीन गोष्टी मागा, अर्ज दाखल केल्याची पोच, फी भरल्याची बँकेची पावती, आणि पासपोर्ट सध्या कोणत्या कार्यालयात आहे. फी ठरलेली असते, पावती मिळते. ज्या पैशाची पावती नाही तो पैसा देणारे तुम्ही, परदेशी, आणि उद्या काही झालं तर कंपनी म्हणेल आम्हाला माहीतच नाही.

पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का यांच्या झेरॉक्स आणि कंपनीचं पत्र कायम गाडीत ठेवा. वाटेत कोणी अडवलं तर आधी 'गुड मॉर्निंग सर, हाऊ इज द फॅमिली', मग कागद. तिथे नमस्काराआधी काम काढणं फार उद्धट समजतात, काउंटरवर सुद्धा. निम्मी कामं माझी त्या एका वाक्यावर झालीत.

प्रश्न : मीटरच्या ऑफिसात बाबूने माझे कागद घेतले, 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणाला आणि चक्क बाहेर निघून गेला. दीड तास आलाच नाही! ही काय थट्टा?

उत्तर : थट्टा नाही हो. तिकडे 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणजे मी आत्ता जातोय, परत येईन. कधी ते त्यात नसतं. मला पण पहिली दोन वर्षं राग यायचा, मग एकदा रागारागात घरून निघताना मी स्वतःच दारातून सासूबाईंना ओरडून म्हटलं, 'येते हो!' आणि संध्याकाळी सातला आले.